विहिरीतून परत आलेले पाणी कोणाचे?

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत अमेरिकेतील शेल वायूवर, म्हणजे शेल या घट्ट खडकात वाळू मिसळलेले पाणी दाबाने सोडून, फटी पाडून ('फ्रॅकिंग' करून) काढलेल्या वायूवर लेख आला होता. त्यात 'फ्रॅकिंगसाठी जमिनीत सोडलेल्या पाण्यापैकी ८० ते ९० टक्के पाणी आतच राहते' असे विधान होते. पुढच्याच आठवड्यात एका वाचकाने 'कित्येक विहिरींतून सोडले त्याहून जास्त पाणी वर येते' असे लिहून लेखकाला खडसावले. गंमत अशी, की दोघांपैकी कोणीच खोटे बोललेले नाही. एकाच विहिरीबद्दल ही दोन्ही विधाने खरी ठरू शकतात. हे टक्के कसे काढतात ते मात्र दोघांनीही सांगितले नाही, म्हणून हे पत्र. थोडे लांबले आहे. कापायचेच झाले तर शेवटून कापा, मधले आकडे तेवढे राहू द्यात.

आधी एक किरकोळ वाटणारी, पण किरकोळ नसलेली चूक. लेखात बॅरलसाठी 'पिंप' हा शब्द आहे. मराठी वृत्तपत्रांची ही जुनी सवय, आणि तेलाच्या भावाच्या बातमीत तिने काही बिघडत नाही. पण लेखातल्या चौकटीत पिंपाचे लिटर करताना २०० ने गुणले आहे. गॅरेजबाहेर उभे असते ते लोखंडी पिंप २०० लिटरचे. तेलव्यवहारातला बॅरल ४२ अमेरिकी गॅलनचा, म्हणजे जवळपास १५९ लिटरचा. अमेरिकी गॅलन ३.७८५ लिटरचा आणि जुना ब्रिटिश गॅलन ४.५४६ लिटरचा, हा आणखी एक खड्डा. १ लाख बॅरल म्हणजे १ कोटी ५९ लाख लिटर. चौकटीच्या हिशेबाने ते २ कोटी होतात. चौथा हिस्सा पाणी नुसत्या भाषांतरातून वाढले!

आता मूळ मुद्दा. टक्का म्हणजे भागाकार. वर परत आलेले पाणी, खाली आत सोडलेले. वाद नेहमी वरच्या आकड्यावर होतात, पण गोंधळाची सुरुवात खालच्यापासून होते.

समजा, पेनसिल्व्हेनियातील मार्सेलस शेलमध्ये असते तशी एक आडवी विहीर आहे. तिच्या आडव्या भागाचे २० टप्पे (एका वेळी फोडायचे तुकडे) पाडले आणि प्रत्येक टप्प्यात ८०० घनमीटर पाणी दाबाने सोडले. एकूण १६,००० घनमीटर, म्हणजे साधारण १ लाख बॅरल. तिकडच्या विहिरींसाठी हा आकडा अजिबात अवाजवी नाही. पण हे ८०० घनमीटर मोजले कुठे? ब्लेंडरच्या (पाण्यात वाळू मिसळणाऱ्या यंत्राच्या) अलीकडे, नुसते पाणी वाहते त्या नळावर प्रवाह मोजणारा एक मीटर असतो आणि ब्लेंडरच्या पलीकडे, वाळू मिसळलेला रस्सा वाहतो तिथे दुसरा. वाळूची घनता २.६५ धरली तर १ टन वाळू सुमारे ०.३८ घनमीटर जागा घेते. टप्प्याला १८० टन वाळू गेली असेल तर पलीकडचा मीटर ८०० ऐवजी ८६८ दाखवतो. म्हणजे ८ टक्क्यांहून अधिक फरक, तोही कोणी लबाडी न करता. अहवालात नुसते 'एकूण द्रव' लिहिलेले असेल तर ते स्वच्छ पाणी की वाळूसकट, हे कळायला मार्ग नाही.

शिवाय काही पाणी खडक फोडण्यासाठी नसतेच. प्रत्येक टप्प्यानंतर तो बंद करणारा प्लग (बूच) आणि पुढच्या टप्प्यासाठी नळाला छिद्रे पाडणारी गन आडव्या भागात ढकलायला पाणी लागते. टप्प्याला ४० घनमीटर धरले तर २० टप्प्यांत ८०० घनमीटर झाले. काही ठिकाणी हे पाणी जमेस धरतात, काही ठिकाणी नाही. शेवटी कॉइल टय़ूबिंग (रिळावरची लांब, लवचिक नळी) घालून प्लग फोडताना पाणी फिरते ठेवावे लागते, आणि त्याच वेळी खडकातले पाणीही त्यात मिसळून वर यायला लागलेले असते. जेवढे पंप केले त्यापेक्षा जास्त परत आले, तर ती जास्तीची भर ही खरी पहिली रिकव्हरी, म्हणजे परत मिळालेले पाणी. पण त्या दोन-तीन दिवसांत सगळ्यांचे लक्ष प्लगांवर असते. परतीच्या टाकीची नोंद वेगळी ठेवली जात नाही, आणि सर्वात जोमाने आलेले पाणी हिशेबाबाहेर राहते. रिकव्हरीची नोंद 'विहीर सेपरेटरवर (वायू, तेल, पाणी वेगळे करणाऱ्या भांडय़ावर) घेतली' त्या क्षणापासून सुरू होते, विहीर मात्र त्याआधीच बोलायला लागलेली असते.

आता वरचा आकडा, म्हणजे परत आलेले पाणी. विहिरीचे तोंड सोडले की द्रव चोक मॅनिफोल्डमधून (प्रवाह आवरणाऱ्या झडपांतून), वाळू पकडणाऱ्या भांडय़ातून, सेपरेटरमध्ये येतो. तिथे वायू, तेल आणि पाणी वेगळे होतात आणि पाणी टाकीत जाते. मोजायच्या जागा दोन: सेपरेटरच्या पाण्याच्या नळीवरचा मीटर आणि टाकीतली पातळी. दोन्ही ठेवायचे आणि दोन्हींचा ताळा रोज घालायचा. ज्या जागेवर यांपैकी एकच आहे तिथला टक्का मी तरी अर्धाच मानीन.

टर्बाइन मीटर स्वस्त आणि सर्वत्र दिसणारा. पात्यांचा छोटा पंखा प्रवाहात फिरतो आणि फेऱ्या मोजल्या जातात. त्याचे शत्रू दोन. पहिला शत्रू वाळू. बारीक कण बेअरिंगमध्ये जातात, पंखा जड होतो आणि आकडा कमी येतो. दुसरा वायू. सेपरेटरचा पाणी सोडणारा व्हॉल्व्ह कचरा अडकून उघडा राहिला की पाणी संपून वायूच त्या नळीत घुसतो, पंखा भन्नाट फिरतो आणि कागदावर पाणीच पाणी होते. गेज शीटवर (तासातासाच्या नोंदींच्या तक्त्यावर) एखाद्या तासाला दुप्पट पाणी दिसले आणि टाकीची पातळी मात्र तेवढी चढलेली नसली, तर दुसरे काही शोधायला जाऊ नये, आधी तो व्हॉल्व्ह पाहावा. चुंबकी मीटरला खारे पाणी चालते, कारण त्यातून वीज वाहते, आणि त्यात फिरणारा भागच नसतो. पण तेलाचा वा वायूचा मोठा गोळा आला की तोही भरकटतो. कोरिऑलिस मीटर महाग, तरी त्याचा एक मोठा उपयोग असा की तो घनताही सांगतो. घनता अचानक ०.८ वर घसरली तर नळीत वायू शिरला हे त्याच क्षणी कळते.

टाकीचे मोजमाप वरकरणी शाळकरी वाटते, पण तिथेही हात शिवशिवायला लागतील इतके बारकावे आहेत. १२ फूट व्यास आणि २५ फूट उंचीची ५०० बॅरलची टाकी घ्या. तिच्यात १ सेंटिमीटर पातळी म्हणजे १०५ लिटर. पहिल्या दिवशी तासाला २० घनमीटर पाणी येत असते तेव्हा पातळी तासात १ मीटर ९० सेंटिमीटर चढते, त्यात टेप वाचताना एखादा सेंटिमीटर इकडेतिकडे झाला तर कोणाचे काही जात नाही. तीन आठवडय़ांनी तासाला १ घनमीटर येऊ लागले की तासाभरात पातळी जेमतेम साडेनऊ सेंटिमीटर चढते, आणि तोच एक सेंटिमीटर आता १० टक्क्यांची चूक करतो. म्हणून प्रवाह मंदावला की तासातासाला डिप घेण्याचा (टेप सोडून पातळी मोजण्याचा) हट्ट सोडून सहा किंवा बारा तासांचा फरक घ्यावा. बऱ्याच ठिकाणी तक्ता छापलेला असतो म्हणून तासाचे रकाने भरत राहतात आणि चुका गोळा होत जातात.

पाणी टाकीत पडल्यापडल्या मोजू नये. त्यातला विरघळलेला वायू सुटत असतो, वर फेस असतो, पातळी फुगलेली असते. दहा-पंधरा मिनिटे थांबावे. तळाशी वाळू बसते. वर सांगितलेल्या टाकीत ३० सेंटिमीटरचा थर साचला तर ३ घनमीटरहून अधिक जागा वाळूने अडवली, आणि टेप ते सगळे पाणी म्हणून मोजतो. टाकी आडवी, चौकोनी, चाकांवरून आणलेली असेल तर तिचा तळ उतरता किंवा गोल असतो, तिथे खालच्या भागात '१ सेंटिमीटरला इतके लिटर' हे सरळ प्रमाण चालत नाही; त्या टाकीचा स्वतःचा कोष्टकाचा कागदच लागतो. टाकी मुरमाड जमिनीवर ठेवली आणि भरल्यावर एका बाजूने खचली, तर ते कोष्टकही गेले. वर तेलाचा तवंग असेल तर पाण्याची सीमा ओळखायला टेपच्या टोकाला रंग बदलणारी पेस्ट लावतात. ती लावायचा कंटाळा केला की तेल पाण्यात जमा होते.

एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. टाकीवर चढून झाकण उघडून डिप घेणे हे काम जीवघेणे आहे. झाकण उघडताच कोंडलेली हायड्रोकार्बनची वाफ तोंडावर येते, त्या क्षणी त्या जागेत प्राणवायू नसल्यासारखाच असतो. टाकीवर मोजमाप करताना वा नमुना काढताना २०१० ते २०१४ या काळात अमेरिकेत ९ कामगार दगावले, आणि २०१६ मध्ये तिथल्या कामगार-सुरक्षा यंत्रणांनी त्याबद्दल संयुक्त इशारा दिला. तेव्हा बाहेरून पातळी दाखवणारे उपकरण बसवण्याचा खर्च हा अचूकतेचा खर्च नाही, जिवाचा आहे.

टँकर वजनकाटय़ावर तोलून पाणी मोजण्याची पद्धतही दिसते. तिथे लोक टन म्हणजेच घनमीटर धरतात. गोडय़ा पाण्याला ते ठीक. पण मार्सेलसचे पाणी काही दिवसांत समुद्राच्या पाण्याच्या पाच-सहा पट खारट होऊ शकते. लिटरला २०० ग्रॅम क्षार असलेल्या पाण्याची घनता १.१३ च्या आसपास जाते. २० टनांचा टँकर मग २० नव्हे, १७.७ घनमीटरचा असतो. पहिल्या दिवशीची घनता शेवटच्या दिवशी वापरली तर १० टक्के पाणी हवेतून येते. हायड्रोमीटर बुडवायला एक मिनिट लागतो.

तेलाची विहीर असेल तर तेलात इमल्शन होऊन (बारीक थेंबांनी मिसळून) अडकलेले पाणीही मोजायचे असते. तेलाचा नमुना टोल्युइन आणि इमल्शन फोडणारे रसायन घालून, गरम करून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतात आणि नळीच्या टोकाला जमलेले पाणी वाचतात. हे वगळले तर पाणी कमी दिसते. वायूच्या विहिरीत याच्या उलट: काही पाणी वाफ होऊन वायूबरोबरच निघून जाते आणि कुठल्याच टाकीत पडत नाही.

समजा, ही सगळी पथ्ये पाळली आणि ३० दिवसांत ३,२०० घनमीटर पाणी मोजले. १६,००० ने भागले, २० टक्के. वाळूसकटचा आकडा आणि गन ढकलायचे पाणी खाली धरले तर भाजक १८,१६० होतो आणि टक्का १७.६ वर येतो. पण खरा प्रश्न अजून शिल्लकच आहे. टाकी सांगते किती पाणी आले. ते आपण सोडलेले की खडकातले मूळचे, हे टाकीला ठाऊक नसते.

ते ओळखायची पहिली पद्धत मिठाची. सोडलेले पाणी गोडे, भूगर्भातले खारे, तर परतीच्या पाण्याच्या खारेपणावरून मिश्रण कळावे. सोडलेल्या पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅम, भूगर्भातल्या पाण्यात १,२०,००० आणि नमुन्यात ६०,००० निघाले तर जवळपास निम्मे पाणी भूगर्भातले. क्लोराइड मोजणारे सिल्व्हर नायट्रेटचे टायट्रेशन (थेंबाथेंबाने रसायन घालून करायची चाचणी) साइटवरच होते, खर्च नाममात्र. पण ही पद्धत दोन ठिकाणी मार खाते. आजकाल मागच्या विहिरीचे परतीचे पाणीच पुढच्या विहिरीत वापरतात. ते आधीच खारट असते. सोडलेल्या पाण्यात क्लोराइड ४०,००० असेल तर त्याच ६०,००० च्या नमुन्याचे उत्तर निम्मे नाही, पाव होते. दुसरे म्हणजे शेलमध्ये मोकळे वाहणारे पाणी फारसे नसतेच, मग १,२०,००० हा आकडा आणायचा कुठून? शेजारच्या वेगळ्या थरातून घेतलेला असतो. आणि गोडे पाणी आठवडे खडकात मुरून राहिले की तेही खडकातले क्षार ओढून घेते. खारे झाले म्हणजे परके झाले असे नाही.

म्हणून ट्रेसर. रासायनिक ट्रेसर म्हणजे पाण्याला लावलेली खूण, आणि ही खूण प्रत्येक टप्प्यासाठी वेगळी ठेवता येते. यासाठी फ्लुओरोबेंझोइक आम्लांचे क्षार सर्वाधिक वापरात आहेत. ते निसर्गात सापडत नाहीत, उष्णतेला टिकतात, खडकाला फारसे चिकटत नाहीत, तेलात जात नाहीत, आणि एकाच कुळातली बरीच भावंडे असल्याने प्रयोगशाळेत मास स्पेक्ट्रोमीटरवर एकाच नमुन्यात ती वेगवेगळी ओळखता येतात, तेही अब्जांश भागांच्या पातळीवर.

हिशेब असा. ८०० घनमीटरच्या टप्प्यात १ किलो ट्रेसर समान मिसळला तर संहती (पाण्यातले त्याचे प्रमाण) लिटरला १,२५० मायक्रोग्रॅम. परतीच्या एखाद्या दिवशी ४०० घनमीटर पाणी आले आणि नमुन्यात त्या टप्प्याचा ट्रेसर लिटरला १०० मायक्रोग्रॅम निघाला. ४०० घनमीटरात तो ४० ग्रॅम झाला. घातलेल्या १,००० ग्रॅमपैकी ४० म्हणजे ४ टक्के. त्या दिवशी त्या टप्प्याचे ८०० पैकी ३२ घनमीटर पाणी परत आले. असे रोजचे ग्रॅम जोडत जायचे. संहती आणि प्रवाह दोन्ही लागतात हे ध्यानात घ्यावे. नुसता संहतीचा आलेख दाखवून 'अमुक टप्पा छान साफ झाला' असे सादरीकरण करणाऱ्यांना प्रवाहाचा तक्ता मागावा. वरचा टाकीचा सगळा व्याप पुन्हा इथे कामाला येतो. पाणी १० टक्के चुकीचे मोजले तर ट्रेसरचे उत्तरही १० टक्के चुकते, मास स्पेक्ट्रोमीटर कितीही महागडा असो.

ट्रेसर घालण्यात चुका होतात त्या अशा. तो मीटरिंग पंपाने ब्लेंडरच्या सक्शन बाजूला, टप्पा सुरू झाल्यापासून संपेपर्यंत, पाण्याच्या प्रवाहाच्या प्रमाणात जायला हवा. सुरुवातीच्या बिनवाळूच्या पाण्यातच घालून मोकळे झाले तर ते पाणी फटीच्या टोकाशी जाऊन खडकात मुरते. मग रिकव्हरी येते ती त्या पाण्याची, टप्प्याची नव्हे. पंपाच्या दर्शकावर विसंबू नये, ट्रेसरच्या डब्याचे वजन आधी आणि नंतर घ्यावे. ब्लेंडरच्या पुढून टप्प्यातून तीन-चार वेळा नमुना काढून प्रत्यक्ष संहती तपासावी, कारण ज्याने भागायचे तो १,२५० चा आकडाच कागदी असेल तर पुढचे सारे कागदी. टप्प्याच्या तोंडी हायड्रोक्लोरिक आम्ल सोडतात, त्यात ट्रेसर घालू नये. आम्लात हा क्षार पुन्हा आम्लरूपात जातो आणि मग त्याला पाण्यापेक्षा तेल जवळचे वाटू लागते.

नमुना काढताना जागा महत्त्वाची. तो सेपरेटरच्या पाण्याच्या नळीवरून घ्यावा, टाकीतून नाही. टाकीत कालचे-परवाचे सगळे एकत्र झालेले असते. नळ आधी वाहू द्यावा, बाटली नवी घ्यावी, तिच्यावर तारीख-वेळेबरोबर त्या क्षणीचा प्रवाहही लिहावा. पहिल्या दिवशी दोन-चार तासांना, मग सहा-बारा तासांना, आठवडय़ानंतर दिवसाला एक पुरतो. ज्याने ट्रेसरचा गाढ द्राव हाताळला त्याने त्याच हातमोज्यांनी परतीचा नमुना घेऊ नये. अब्जांशाच्या मोजणीत बुचाला लागलेला एक थेंबही टप्पाभर पाण्याइतका बोलतो.

आणि हमखास विसरली जाणारी बाब: पुन्हा वापरलेल्या पाण्यात मागच्या विहिरीचा ट्रेसर असतो. सोडायचे पाणी साठवलेल्या तळ्यातला, ट्रेसर घालण्यापूर्वीचा कोरा नमुना आधी तपासून तेवढी वजाबाकी करावी लागते. ती केली नाही तर न वापरलेला ट्रेसरही 'परत' येतो. अहवालात असा चमत्कार दिसला की तो अहवाल बाजूला ठेवावा. शेजारच्या विहिरीचेही नमुने घ्यावेत. फटी एकमेकींना भेटल्या तर इथले पाणी तिथे निघते, आणि इथला टक्का विनाकारण कमी दिसतो.

परतीचे पहिले पाणी बघून घाई करू नये. साडेपाच इंची केसिंगची (आत बसवलेल्या पोलादी नळाची) ५,००० मीटर लांबीची विहीर असेल तर तिच्या पोटातच सुमारे ५५ घनमीटर पाणी मावते. पहिले ५५ घनमीटर म्हणजे नळातले पाणी, फटींतले नाही. जवळच्या टाचेकडच्या, म्हणजे विहीर आडवी वळते तिथल्या, टप्प्यांचे ट्रेसर आधी दिसतात, लांबच्या टोकाचे नंतर. टोकाचा ट्रेसर दोन-तीन दिवसांनीही आला नाही, तर प्लग नीट फुटला नसेल किंवा वाळूचा बांध पडला असेल.

याही पद्धतीला मर्यादा आहेत. २० टप्पे आणि १० ट्रेसर असतील तर एकाआड एक टप्पा खुणेविना राहतो. त्यांचा आकडा शेजाऱ्यावरून धरलेला असतो, तसे लिहिले पाहिजे. ट्रेसरवर ऋणभार असतो, शेलमधल्या चिकणमातीच्या सूक्ष्म रंध्रांत तो शिरायला नाखूश असतो. पाणी आत मुरते आणि ट्रेसर थोडा मागे राहतो, त्यामुळे रिकव्हरी किंचित जास्त दिसू शकते. पाणी दाट करायला जेल वापरले असेल तर आणखी एक फरक. जेल गवारीच्या डिंकाचे, बहुतेक आपल्या राजस्थान-हरियाणातल्या शेतांतले. पाणी परत आले म्हणजे डिंक परत आला असे नाही. फटीतले पाणी खडकात झिरपताना डिंक भिंतीवर सायीसारखा बसतो. तो किती परत आला हे परतीच्या पाण्यातले कर्बोदक फिनॉल आणि सल्फ्युरिक आम्लाच्या रंगक्रियेने वेगळे मोजावे लागते. विहीर गुदमरते ती पुष्कळदा पाण्याने नाही, या सायीने.

आता आपल्या उदाहरणाकडे. ३० दिवसांच्या ३,२०० घनमीटरांपैकी ट्रेसरने निम्मेच आपले ठरवले, तर रिकव्हरी १० टक्के. हीच विहीर दोन वर्षे चालू राहिली आणि एकूण १७,००० घनमीटर पाणी आले, तर टाकीच्या हिशेबाने १०६ टक्के! आपल्या लेखकाचा '८० ते ९० टक्के आतच' आणि पत्रलेखकाचा 'सोडले त्याहून जास्त' हे दोन्ही एकाच विहिरीत बसले. 'फ्लोबॅक' (सोडलेल्या पाण्याची परती) संपून 'उत्पादनाचे पाणी' (वायू-तेलाबरोबर पुढे येत राहणारे) कधी सुरू होते याची रेघ भूगर्भात कुठेही मारलेली नसते, ती कागदावर मारतात. त्यामुळे दिवस न सांगता दिलेला टक्का म्हणजे षटके न सांगता दिलेली धावसंख्या.

प्रदेशाप्रदेशातही फरक आहे. मार्सेलसमध्ये पहिल्या दहा-बारा दिवसांत १० टक्क्यांच्या आसपास पाणी येते, लुइझियानातील हेन्सव्हिल शेलमध्ये ५ टक्क्यांच्या. टेक्सासच्या बार्नेट शेलखाली एलेनबर्गर हा पाणी भरलेला चुनखडक आहे; फट खाली उतरून त्याला भिडली की पाणी थांबत नाही आणि टक्का शंभराच्या पुढे जातो. ती यशाची खूण नाही, बहुधा विहीर बिघडल्याची आहे. आपल्याकडे राणीगंज आणि सोहागपूरच्या कोळशाच्या थरांतल्या मिथेन विहिरींचे तर सगळे गणितच वेगळे. त्याही फ्रॅक केल्या जातात, पण वायू सुटावा म्हणून कोळशातले पाणी महिनोन्महिने उपसावेच लागते. तिथे ट्रेसरशिवाय काढलेल्या 'रिकव्हरी'ला काही अर्थ नाही.

न आलेले पाणी गेले कुठे, हा लेखातला खरा काळजीचा मुद्दा. बरेचसे शेलच्या कोरडय़ा रंध्रांत केशाकर्षणाने ओढले जाते, टीपकागद शाई ओढतो तसे. काही बारीक, वाळू न पोचलेल्या फटी मिटतात त्यात अडकते, काही आडव्या भागाच्या खोलगट जागी साचून राहते. वायूचा वेग एका मर्यादेखाली गेला की तो पाण्याचे थेंब वर उचलू शकत नाही (टर्नर आणि सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये दिलेले हे गणित आजही रोज वापरतात) आणि रिकव्हरीचा आलेख आडवा होतो. खडक रिकामा झाला म्हणून नव्हे, विहिरीला धाप लागली म्हणून. कमी रिकव्हरी म्हणजे वाईट विहीर, हेही खरे नाही. शेल वायूच्या कित्येक चांगल्या विहिरींनी पाणी कमी आणि वायू भरपूर दिला आहे. त्यामुळे 'उरलेले ८० टक्के पिण्याच्या पाण्यात गेले' हा लेखातला निष्कर्ष टक्केवारीवरून निघत नाही. तसा धोका प्रत्यक्षात आढळतो तो मुख्यतः खराब सिमेंट, फुटलेले केसिंग आणि जमिनीवरची सांडलवंड यांत, आणि त्यासाठी मोजायच्या गोष्टी वेगळ्या आहेत.

पण उद्योगालाही सोडू नये. अमेरिकेत २०११ पासून 'फ्रॅकफोकस' या नोंदवहीत विहिरीगणिक किती पाणी आणि कोणती रसायने आत सोडली हे कोणालाही पाहता येते. किती परत आले ते मात्र त्यात नाही. भाजक जाहीर, भाज्य गुलदस्त्यात! पेनसिल्व्हेनियात परतीचे पाणी कुठे नेले याचा कचरा-अहवाल कंपन्यांना द्यावा लागतो, त्यातून ते शोधता येते. पण एकाच जागेवर पाच-सहा विहिरींचे पाणी एका तळ्यात जमते आणि मग विहिरीगणिक विभागणी ही केवळ वाटणी असते, मोजणी नसते. तेच पाणी पुढच्या विहिरीत वापरले की 'विल्हेवाट' या रकान्यात त्याचे काय होते हेही बघण्यासारखे आहे.

खंबायत खोऱ्यात आणि बाडमेरच्या घट्ट खडकांत फ्रॅकिंग चालते, आणि त्या कामावर पनवेल-पुण्यापासूनची मराठी माणसे बरीच आहेत. तिथली बातमी कधी आपल्या दैनिकात आली, तर वार्ताहराने कंपनीच्या माणसाला 'टक्के किती' असे विचारू नये. स्वच्छ पाणी किती सोडले, त्यात पुन्हा वापरलेले किती, मोजणी कोणत्या दिवसापर्यंतची, मीटर आणि टाकी यांच्यात फरक किती आला, आणि ट्रेसर वापरला असेल तर खूण नसलेले टप्पे किती, हे विचारावे. उत्तरादाखल गेज शीटची छायाप्रत मिळाली तर सोन्याहून पिवळे. तिच्यात तासातासाला एकसारखा, गोल आकडा दिसला, १०, १०, १०, १०, तर टाकीवर कोणी चढलेच नव्हते एवढे नक्की समजावे.

आपला,
एक पेट्रोलियम अभियंता
पनवेल